पंगतीचे तिकीट

पंगत म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. आत कोण बसणार, अंगणात कोण थांबणार आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले कोणाच्या पदरात वरून टाकले जाणार, हे पाने मांडण्याआधीच ठरलेले असे. आज मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत एक वेगळी पंगत बसते. तिथे जात विचारत नाहीत, तिकीट विचारतात. धोरण-गटांच्या, म्हणजे ज्यांना आपण थिंक टँक म्हणतो त्यांच्या, निधी उभारणीच्या भोजनाची ही पंगत आहे. ही प्रथा अमेरिकेत सर्वाधिक रुळलेली आहे. आपल्याकडे ती ‘कॉन्क्लेव्ह’, ‘डायलॉग’, ‘समिट’ अशा नावांनी येऊ लागली आहे. म्हणून ती मूळ जागी कशी चालते, हे आपण नीट पाहून घेतले पाहिजे.

दुपारची वेळ. हॉटेलच्या मोठ्या सभागृहात आठ-दहा जणांची गोल टेबले मांडलेली. एक खुर्ची घ्यायची तर एक दर, अख्खे टेबल घ्यायचे तर दुसरा. त्याच्याही वर प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर असे प्रायोजकांचे दर्जे. ज्याचा दर्जा वरचा, त्याचे टेबल व्यासपीठाच्या जवळ. सर्वांत वरच्या दर्जाला जेवणाआधी प्रमुख वक्त्याबरोबर फोटो आणि चार गोष्टी बोलण्याची संधी. हा प्रमुख वक्ता पुष्कळदा टीव्हीवरचा नामवंत पत्रकार असतो. तो अर्धा-पाऊण तास बोलतो. देशाचे राजकारण, पडद्यामागचे चार किस्से, थोडा विनोद. मग संस्थेचे अध्यक्ष उठतात आणि मदतीचे आवाहन करतात. टेबलांवर आधीच ठेवलेली देणगीची कार्डे भरली जातात.

यात बेकायदा काही नाही. उजवे धोरण-गट हे करतात, डावेही करतात. संस्था चालवायची तर पैसा लागतो, तो मागावाच लागतो, हे आम्हालाही कळते. आमचा प्रश्न वेगळा आहे. या जेवणात नेमके काय विकले जाते?

याचे अर्धे उत्तर अमेरिकेचा करकायदाच देतो. असे बहुतेक गट तिथल्या करसंहितेच्या कलम ५०१(सी)(३) खाली करमुक्त संस्था म्हणून नोंदलेले असतात. त्यांना दिलेल्या देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळते. पण भोजनाच्या तिकिटाची सगळी रक्कम देणगी धरली जात नाही. जेवणाची जी बाजारभावाने किंमत होईल ती वजा करावी लागते, आणि उरते तेवढीच देणगी. दिलेली रक्कम ७५ डॉलरपेक्षा जास्त असेल आणि तिच्या बदल्यात जेवणासारखे काही मिळत असेल, तर त्या वस्तूची अंदाजे किंमत किती, हे संस्थेने देणगीदाराला लेखी कळवायचे असते. म्हणजे ताटातल्या अन्नाचा हिशेब सरकार चोख मागते. पण व्यासपीठाजवळच्या खुर्चीचे मोल किती? फोटोच्या वेळी कानात सांगितलेल्या दोन वाक्यांचे किती? पुढच्या अहवालाचा विषय ठरवताना आठवणाऱ्या नावाचे किती? ते कोणत्याही पावतीवर येत नाही.

उरलेले अर्धे उत्तर देणगीदारांच्या यादीत असते, आणि ती यादी लोकांना दिसत नाही. या संस्थांचे वार्षिक विवरणपत्र, फॉर्म ९९०, कोणालाही वाचता येते. त्यात संचालकांचे पगार आणि खर्चाचे आकडे सापडतात. मोठ्या देणगीदारांची नावे त्याच विवरणपत्राच्या ‘शेड्यूल बी’ या पुरवणीत असतात. पण लोकांसाठी उघड होणाऱ्या प्रतीत ती नावे झाकलेली असतात. अहवाल आपण वाचू शकतो, तो कोणाच्या पैशाने लिहिला गेला हे वाचू शकत नाही.

आता पत्रकाराकडे येऊ. या सगळ्या व्यवहारात गर्दी खेचणारा माल तोच आहे. त्याच्याकडे विकण्यासारखे एकच आहे, त्याची विश्वासार्हता. ती त्याने कमावली कोणाकडून? जे रोज रात्री त्याला घरी बसून ऐकतात त्यांच्याकडून. यजमानाच्या टेबलावर तो ती खर्च करतो.

हे नुसते नैतिक प्रवचन नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात यावर मोठा वाद झाला होता. तिथल्या संसद सदस्यांना भाषणाचे मानधन घेण्यास १९९१ पासून बंदी झाली, कारण भाषणाच्या नावाखाली उद्योगांचे पैसे लोकप्रतिनिधींच्या खिशात जात होते. पण त्याच लोकप्रतिनिधींवर नजर ठेवणारे टीव्ही पत्रकार मात्र एकेका भाषणाचे हजारो डॉलर घेत राहिले. जानेवारी १९९४ मध्ये एबीसी वाहिनीच्या ‘प्राइमटाइम लाइव्ह’ने विमा-प्रतिनिधींच्या एका संघटनेवर कार्यक्रम केला. ही संघटना संसदेतल्या कर्मचाऱ्यांना फ्लोरिडातील की वेस्टच्या समुद्रकिनारी सहलीला नेते, हे त्यात दाखवले होते. नंतर उघड झाले की, त्याच कार्यक्रमाचे एक सूत्रधार सॅम डोनाल्डसन यांनी काही महिन्यांपूर्वीच विमा उद्योगाकडून एका भाषणाचे सुमारे ३० हजार डॉलर घेतले होते. त्याच वर्षी एबीसीने नियम केला की, तिच्या पत्रकारांनी व्यापारी संघटना आणि नफ्यावर चालणाऱ्या कंपन्यांकडून भाषणाचे पैसे घेऊ नयेत. वाहिनीच्याच काही नामवंतांनी त्याला विरोध केला. जेम्स फॅलोज यांनी १९९६ मध्ये ‘ब्रेकिंग द न्यूज’ या पुस्तकात या सगळ्या संस्कृतीवर टीका केली.

एबीसीच्या नियमातली फट लक्षात घ्या. बंदी होती ती व्यापारी संघटना आणि कंपन्यांच्या पैशाला. धोरण-गट तर नफ्यासाठी नसलेली संस्था असतो. ज्या कंपनीला पत्रकाराला थेट बोलावता येत नाही, ती कंपनी धोरण-गटाच्या भोजनाचे प्लॅटिनम टेबल घेऊ शकते. वक्ता तोच, श्रोता तोच. मध्ये फक्त एक करमुक्त पाटी उभी राहते.

घरातल्या पहिल्या पदवीधराने अमेरिकेतल्या या पंगतीची काळजी का करावी? कारण अशा देणग्यांवर उभ्या राहिलेल्या संस्था काय करू शकतात, हे तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अनुभवले आहे. विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करून संधी देण्याच्या धोरणाविरुद्ध तिथे अनेक दशके संघटित आणि खर्चिक लढा दिला गेला. ‘सेंटर फॉर इंडिव्हिज्युअल राइट्स’ या संस्थेने १९९६ चा टेक्सासचा हॉपवूड खटला लढवला, आणि मिशिगन विद्यापीठाविरुद्धचे २००३ मध्ये निकाली निघालेले दोन खटलेही. एडवर्ड ब्लम यांच्या ‘प्रोजेक्ट ऑन फेअर रिप्रेझेंटेशन’ला ‘डोनर्स ट्रस्ट’ या निधीतून पैसा मिळत आला. या निधीची रचनाच अशी आहे की, मूळ देणारा कोण हे बाहेर कळत नाही. ब्लम यांनीच उभ्या केलेल्या ‘स्टुडंट्स फॉर फेअर अॅडमिशन्स’ने २०१४ मध्ये हार्वर्डवर खटला भरला. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धत घटनाबाह्य ठरवली.

एखाद्या भोजनातून हा निकाल विकत घेतला गेला, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, हा निकाल एका दिवसात आला नाही. आधी अहवाल आले, मग लेख, मग टीव्हीवरच्या चर्चा, मग खटले. प्रत्येक पायरीवर कोणाला तरी पगार द्यावा लागला, आणि तो देणाऱ्यांची नावे बहुतांशी पडद्याआड राहिली. ज्या मुला-मुलींच्या जागा गेल्या, त्यांच्यापैकी कोणाच्या घरी या पंगतीचे निमंत्रण गेले असेल?

जातीच्या प्रश्नावरही हे अंतर दिसले. कॅलिफोर्नियात भेदभावविरोधी कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करणारे एसबी ४०३ हे विधेयक २०२३ मध्ये विधिमंडळाने मंजूर केले. हिंदू अमेरिकन फाउंडेशनसारख्या संघटनांनी त्याला विरोध केला. विधेयकाच्या समर्थकांनी सप्टेंबरमध्ये राजधानी सॅक्रामेंटो येथे उपोषण केले. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी विधेयकावर नकाराधिकार वापरला. सत्तेचे लक्ष वेधण्यासाठी काहींना जेवणाचे टेबल विकत घेता येते. आपल्या माणसांना जेवण सोडावे लागले.

मग सगळ्याच देणगीदारांची नावे उघड करा, अशी सरसकट मागणी करावी का? इथे घाई करून चालणार नाही. अमेरिकेतल्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेकडे अलाबामा राज्याने सभासदांची यादी मागितली होती. यादी दिली असती तर सभासदांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, घरांवर हल्ले झाले असते. १९५८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, ही यादी सरकारला देण्याची सक्ती करता येणार नाही. आपल्याला हे सहज समजते. महाडच्या सत्याग्रहानंतर किती गावांत आपल्या माणसांवर बहिष्कार पडला! अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव बहिष्काराचे हत्यार उपसते, हे मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात नोंदवून ठेवले आहे. चळवळीला आठ आणे वर्गणी देणाऱ्या शेतमजुराचे नाव पाटलाला कळणे म्हणजे त्याची चूल बंद होणे होते. दुबळ्यासाठी गुप्तता हे संरक्षण असते.

पण २०२१ मध्ये काय झाले ते पाहा. कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरलनी धर्मादाय संस्थांकडे मोठ्या देणगीदारांची यादी मागितली, तीही जाहीर करण्यासाठी नव्हे, फक्त तपासासाठी. त्याविरुद्ध कोक बंधूंच्या गोटातली ‘अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी फाउंडेशन’ ही संस्था न्यायालयात गेली. १ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तिच्या बाजूने कौल दिला, आणि त्यासाठी आधार घेतला तो १९५८ च्या एनएएसीपी निकालाचा. जे कवच जीव मुठीत धरून जगणाऱ्यांसाठी घडवले होते, ते अब्जाधीशांच्या अंगावर चढवले गेले. असे कवच दुबळ्यांकडून बलवानांकडे कसे सरकते, हे आपण इथेही पाहतो. सामाजिक बहिष्कृततेवरचा उपाय म्हणून आलेल्या आरक्षणाच्या भाषेतच २०१९ ची १०३ वी घटनादुरुस्ती आली आणि आर्थिक निकषाच्या नावाखाली तिने अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधल्या गरिबांनाच दाराबाहेर ठेवले.

म्हणून आमचे म्हणणे असे: पन्नास रुपये वर्गणी देणाऱ्याचे नाव झाकलेले राहू द्या. ज्याच्या पैशाने देशाचे धोरण वळू शकते, त्याचे नाव लोकांसमोर आले पाहिजे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द करताना राजकीय पक्षांच्या बाबतीत मतदाराचा माहितीचा हक्क मान्य केला. पक्षांना कार्यक्रम लिहून देणाऱ्या धोरण-गटांना हीच कसोटी का नको?

आपल्या देशात तर प्रश्न दुहेरी आहे. आपल्याकडचा टीव्ही पत्रकार या पंगतीला जातो तेव्हा तो कोणाचा प्रतिनिधी असतो? ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत वर्तमानपत्रे, वाहिन्या, मासिके आणि वेब माध्यमांतली १२१ नेतृत्वपदे तपासली होती. त्यांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. म्हणजे व्यासपीठावरचा वक्ता, समोरचे प्रायोजक आणि अहवाल लिहिणारे अभ्यासक बहुधा एकाच सामाजिक वर्तुळातले. ते एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या कार्यक्रमांना जातात, एकमेकांची वाक्ये उद्धृत करतात. तिथे आरक्षणावर, शिष्यवृत्तीवर, शिक्षणाच्या खासगीकरणावर जे बोलले जाते, ते दुसऱ्या दिवशी ‘तज्ज्ञांचे मत’ म्हणून छापून येते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आयकर कायद्यात देणग्यांवर सवलत आहे. पैशाचे पाट वाहत आहेत. ते आपल्या शेतापर्यंत मात्र पोचत नाहीत.

आणि आता आपल्यातल्या काहींना तिथे बोलावणे येऊ लागले आहे. त्यांच्याशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. अशा भोजनात आवाहनाच्या ठीक आधी एका ‘लाभार्थी’ विद्यार्थ्याला व्यासपीठावर आणण्याची पद्धत आहे. त्याने किंवा तिने आपली कहाणी सांगायची. आईची मजुरी, वडिलांचे कर्ज, कंदिलाचा उजेड, पहिली पदवी. श्रोत्यांचे डोळे पाणावतात आणि कार्डे भरली जातात. आपली आई आयुष्यभर ज्या दुःखाबद्दल चकार शब्द बोलली नाही, ते दुःख तिथे निधी गोळा करण्याच्या कामी येते. त्यानंतर धोरणावरची चर्चा सुरू होते, आणि त्या चर्चेत तुमची खुर्ची नसते. कहाणी तुमची, निष्कर्ष त्यांचे.

जाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. शिष्यवृत्ती घ्या, नोकरी करा. घरी हप्ते असतात, भावंडांची फी असते, हे आम्हाला ठाऊक आहे. धोरण-गटांत काम करणारे आपले तरुण तिथे एकटे पडूनही चांगले काम करीत आहेत. पण निमंत्रण आले की तीन गोष्टी विचारा. कार्यक्रमाचा खर्च कोण करतो आणि मोठे प्रायोजक कोण? वक्त्यांना मानधन आहे का, आणि मला ते आहे का? मी फक्त अनुभव सांगायचा आहे की धोरणावर मतही मांडायचे आहे? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तिथे आपली जागा कोणती ते कळेल.

यजमान आणि वक्ता यांच्यातला हा पेच आपल्याला नवा नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले होते. भाषण आधी पाहिल्यावर मंडळी बिचकली. वेद-शास्त्रांवरचा प्रहार आणि हिंदू धर्म सोडण्याचा उल्लेख त्यांना पचेना. काही भाग गाळा, अशी विनंती आली. बाबासाहेबांनी कळवले की, एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चाने छापले, आणि पंधराशे प्रतींची इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली. त्याच भाषणात त्यांनी सांगितले होते की, सहभोजनाने जात मरत नाही. एका पंक्तीत बसून जेवले तरी मनातली उतरंड तशीच राहते. आजच्या या नव्या सहभोजनालाही ते लागू पडते. त्यांच्या टेबलावर आपल्याला एक खुर्ची मिळाली म्हणजे टेबल कोणाचे हा प्रश्न सुटला, असे नाही.

पैशाशिवाय विचार टिकत नाही, हेही बाबासाहेबांनी सोसले होते. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाले, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. ती मदत उघड होती, आणि तिच्या बदल्यात लेखणीवर मालकी मागितली गेली नव्हती. ‘मूकनायक’ तरीही फार काळ चालले नाही. १९२७ मध्ये सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ही पैशाअभावी १९२९ मध्ये बंद पडले, त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत होते. ती पत्रे बंद पडली तेव्हा वर्गणीदार होऊ शकतील असे पदवीधर आपल्यात मोजके होते. आज तसे नाही. १९७८ मध्ये कांशीराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बामसेफ उभी केली, ती सरकारी नोकरीत पोचलेल्या आपल्या माणसांच्या वर्गणीवर. समाजाने दिले ते समाजाला परत करायचे, हा तिचा पाया. तुमच्यापैकी अनेकांच्या आई-वडिलांनी त्या पावत्या फाडल्या आहेत.

आपल्यालाही आपले धोरण-गट हवेत. शिष्यवृत्तीचे पैसे कुठे अडतात, अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या तरतुदी कुठे वळवल्या जातात, विद्यापीठांतल्या राखीव जागा का रिकाम्या राहतात, यावर वर्षभर बसून काम करणारी माणसे हवीत, आणि त्यांना वेळेवर पगार हवा. हे काम फक्त निष्ठेवर होत नाही. हजार पदवीधरांनी महिन्याला दोनशे रुपये दिले, तर वर्षाला चोवीस लाख होतात. दोन-तीन पूर्णवेळ संशोधक आणि एक छोटे कार्यालय त्यावर चालू शकते. मोठी देणगी आली तर जरूर घ्यावी, पण देणाऱ्याचे नाव आणि रक्कम संस्थेच्या दारावर लावून. आपल्या वाटेच्या पत्रकारांनीही भाषणाचे मानधन घेतले तर ते जाहीर करावे. हा नियम आपण आधी स्वतःला लावू, मग तो दुसऱ्यांकडे मागण्याचा अधिकार आपल्याला राहील.

आपलीही एक पंगत आहे. दरवर्षी अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. रस्त्यावर उभे राहून तरुण पोरे येणाऱ्या प्रत्येकाला जेवण वाढतात. तिकीट नाही, दर्जे नाहीत, कोणाची कोणती खुर्ची हा प्रश्नच नाही. जेवून झाले की माणसे पुस्तकांच्या स्टॉलकडे वळतात आणि पदरच्या पैशाने पुस्तक विकत घेतात. अन्न सर्वांना फुकट आणि विचारासाठी प्रत्येकाचा खिसा थोडा हलका. आपल्या संस्था याच हिशेबावर उभ्या राहिल्या पाहिजेत.

जय भीम.